शेंदराखालचं

धानाच्या बांधावर, मोहाखाली,
तीनशे बारा फोटो काढले मी मारोतीचे,
टॉर्च जमिनीलगत धरून.
लॅपटॉप रात्रभर तापला ग्रामपंचायतीत.

पहाटे पडद्यावरून रंग काढून टाकला,
नुसता आकार ठेवला.
गदा नव्हती.
कडेवर लेकरू घेतलेली बाई होती,
नाक झिजलेलं, एक पाय किंचित पुढे.

गावाला कसं सांगावं?
आधी बयनाबाईला दाखवलं,
शनिवारी तेल घालणारीला.
तिनं चष्मा पुसला.
"हाव, थेच हाये.
तेल लावतानी बोटाले लागते ना
लेकराची टाच."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"कोनं इचारलं?"

फाईलमध्ये एक रकाना होता : शोध कोणाचा.
तिचे हात तेलकट,
म्हणून नाव मीच टाईप केलं,
आडनाव विचारून.