उसना एक

खुर्ची. तीन मीटरवर फरशीला चिकटवलेली पिवळी पट्टी.
उठायचं, तिथवर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं.
नुसतं एवढंच असेल
तर एदुविहेस बाईंना तेरा सेकंद लागतात.
मी आकडा लिहून घेते.

खिडकीतून वालपरैसोचं बंदर,
धुक्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या क्रेन.
टेबलावर त्यांच्या गुडघ्यांचा एक्स-रे:
डावीकडची फट पार मिटलेली,
उजवीकडे अजून नखभर उजेड.

एकतीस वर्षं त्या टेकडीच्या पायथ्याशी
लिफ्टच्या जाळीमागे बसून सुट्टे पैसे मोजत होत्या.
लिफ्ट बंद पडली की दोनशे बारा पायऱ्या.
लिफ्ट बरेचदा बंदच असायची.
काखेत पाव, कडेवर मुलगी,
आणि गल्ल्यात आज चाळीस पेसो कमी का भरले
याचा हिशेब डोक्यात, वळणावळणाला.
तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

आता दुसरी फेरी.
हातात ट्रे, ट्रेवर पाण्याचा पेला,
आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायचे,
मोठ्यांदा.
"चालू की मोजू?"
"दोन्ही."
"आणि पडले तर, मिहिता?"
मिहिता म्हणजे पोरी. माझं नाव त्यांना पाठ आहे,
पण वापरत नाहीत.
"मी आहे ना," म्हणते मी, आणि माझा हात
त्यांच्या कमरेपासून वीतभर लांब ठेवते,
लागूही नये, उशीरही होऊ नये इतका.

त्र्याण्णव.
पाऊल.
शहाऐंशी. पाऊल, पाऊल.
एकोणऐंशी, पट्टी आली,
बहात्तर
आणि वळता वळता पाय जागच्या जागी.

दोनातून सात जात नाहीत.
शेजारच्या घरातून एक उसना घ्यावा लागतो.
आम्हाला शिकवलंय की लक्ष म्हणजे मोजून आणलेलं कालवण,
एका ताटात जास्त वाढलं
की दुसऱ्या ताटाला रस्सा पुरत नाही.
त्या उसना घ्यायला गेल्या
आणि गुडघा वाऱ्यावर राहिला.

नेमका तेव्हाच माझ्या खिशात फोन थरथरला.
आईच्या वॉर्डातून असेल.
डाव्या हातात घड्याळ, उजवा त्यांच्या मागे,
तोंडाने मी चुका मोजतेय,
आणि नजर, एकच क्षण, खिशाकडे.

पेला कलला.
ट्रे एका हातावर घेऊन
त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं,
सुट्टे पैसे मोजून कडक झालेल्या बोटांनी,
आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो,
कोण कुणाला धरून आहे
हे माझ्या तक्त्यात बसत नव्हतं.
फरशीवर थोडं पाणी.
"घे फोन," त्या म्हणाल्या.
"नंतर," म्हणाले मी, उसनं अवसान आणून.

मग चार पावलं, न मोजता.
खुर्ची.
बावीस सेकंद आणि वर काही.
चुकांच्या रकान्यात मी एक लिहिला,
मग पेन उचलून बराच वेळ त्या एककडे बघत राहिले.

बाईंनी पेल्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं,
परीक्षेचं पाणी,
तळहाताने ओठ पुसले,
दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले,
आणि बंदराकडे बघत म्हणाल्या,
"पासष्ट."