पंख्याचे पन्नास

ओजस भदाणेनं मशीन काउंटरवर ठेवलं
तेव्हा दुपारचे तीन, बाहेर चव्वेचाळीस,
गल्ली नंबर सहामध्ये कुत्रंसुद्धा
सावली बदलायला उठत नव्हतं.
"बिघडी गयं," म्हणाला.

सात स्क्रू काढले. आठव्यावर स्टिकर:
उघडलंत तर हमी संपेल.
सत्तावीस वर्षं असली स्टिकरं फाडतोय.
वस्तू विकत घ्यायची
आणि तिच्या पोटात बघायचं नाही,
ही कुठली सोयरीक?

बोर्ड ठीक. तारा ठीक. टीव्हीला लावलं:
सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.
मशीन ते ठीक शे, पोऱ्या. खेयच गया.

त्याला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी
मेल आला होता, तुमच्या प्रेमाबद्दल आभार.
दुकान बंद करताना असं कोण लिहितं?
आग्रा रोडवर बुडालेल्या दुकानाला
नुसतं कुलूप असतं, आणि ते खरं बोलतं.

तीन सीझनचे पास घेतलेले त्यानं.
एक तलवार, मुठीवर मोर.
तलवार विकायला नव्हतीच, पेटी होती,
पेटीत तलवार असेल किंवा नसेल.
आमच्याकडे याला मटका म्हणत,
आणि आकडा लावणारा निदान
मिशा फुटलेला असायचा.
इथं पेटी उघडताना फटाके उडतात
आणि उघडणारा सहावीत असतो.

मला बोलायचा चेव आला.
वरच्या फळीवरून पिवळा पडलेला डबा काढला,
कॅसेटला फुंकर मारली
(फुंकरीनं काही होत नाही,
उलट ओलीनं पितळ काळवंडतं, पण सवय)
आणि खटका दाबताच माणूस धावायला लागला,
उजवीकडे,
शहाण्णव साली धावत होता तसाच.
बघ, म्हटलं, याला कोणाची परवानगी लागत नाही.
बनवणारी कंपनी मेली, मला विकणारा मेला,
हा धावतोय.
तेव्हा मी ही मशीनं भाड्यानं लावायचो,
तासाला पाच रुपये,
घड्याळ भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं.
भाडं घेत होतो तेव्हा भाडंच म्हणत होतो.
विकलं, असं कधी म्हणालो नाही.

ओजस थोडा खेळला. दोनदा खड्ड्यात पडला.
मग रिमोट हळूच बाजूला सारला,
पाहुण्याघरी न आवडलेली भाजी सारतात तसा.
"काका, ह्यात एकटंच खेळावं लागतं."

आणि शेवटच्या रात्रीचं सांगत बसला.
बारा वाजता सगळं बंद होणार म्हणून
जो तो डोंगरावर आला.
शहाद्याची किंजल. आणि कोणी कोरियातला,
ज्याचं नाव कधी वाचता आलं नाही,
पण जो जखमी झालं की धावत यायचा औषध घेऊन.
कोणी कोणाला मारलं नाही.
तलवारी खाली टाकल्या. एकानं
नाचायचं बटण दाबलं, मग सगळ्यांनी.
किंजल लिहीत होती, मी उद्यापासून
आणि तिथंच
बारा.

याला माझ्याकडे सुटा भाग नव्हता.
आठवला तो बाक. एका रिमोटला चार पोरं,
तीन नुसती ओरडायला,
त्यातला एक रोज यायचा आणि कधीच खेळायचा नाही.
दोन हजार नऊमध्ये मी तो भंगारात दिला.
कोणाला कळवलं नव्हतं.

पंखा तेवढा उघडला.
भदाण्यांचं घर जिनिंगच्या मागे,
पात्यांना कापूस गुंडाळलेला,
मूठभर निघाला, मऊ, करडा.
पंखा फिरला, आवाज न करता.
किती, म्हणाला. पंख्याचे पन्नास.
त्यानं फोन धरला,
काउंटरवरचा डबा बाईच्या आवाजात बोलला,
पन्नास रुपये मिळाले.

मशीन काखेत घेऊन
तो दाराच्या उन्हात थांबला जरा.
"काका, शहादं केवढं शे?
आडनाव नही माहीत मले तिनं."