अगाशीतली खोली

बाबा नकाशे काढायचे. युनिव्हर्सिटीत, पुरातत्त्व विभागात,
हुद्दा ड्राफ्ट्समन, सही अ. तु. खानविलकर,
इतकी बारीक की विटेच्या रेघेतच मिसळून जाई.

देवनी मोरीहून आले तेव्हा बुटांत तांबडी माती.
धरण बांधायला घेतलेलं. पाणी चढायच्या आत
मोजून घ्यायचं होतं सगळं:
चौक, चौकाभोवतीची ओसरी, ओसरीला लागून भिक्खूंच्या खोल्या,
सांडपाण्याची वाट.
गावाच्याच नावात मोरी, म्हणून मी हसले.
"हसू नकोस," म्हणाले, "उतार कुठे द्यायचा
हे कळलं त्यालाच घर बांधता येतं."

त्या मे महिन्यात, रावपुऱ्यात, वारा पडलेला असताना
त्यांनी अगाशीवर खडूने एक खोली आखली.
खऱ्या मापाची. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.
भिंतीची जाडी दोन रेघांत, दाराची जागा मोकळी.
"इथे एक जण राहायचा. अख्खा पावसाळा."
आम्ही चौघं निजलो,
पहाटे माझे पाय भिंतीच्या आरपार.

आई वैतागली. कुरडया कुठे घालू आता?
पण सकाळी परात घेऊन वर आली ती
रेघ न ओलांडता, वळसा घेऊन
दारातून आत शिरली.
मग आम्हीही.
शेजारची फाल्गुनी भिंतीतून आली
तिला परत पाठवलं.

खडू किती दिवस टिकला, आठवत नाही.
वीट आठवते. ट्रेसिंगच्या कोपऱ्यात वेगळी काढलेली,
ओली असताना तिच्यावरून कुत्रं गेलेलं:
चार बोटं, एक तळवा, खाली सेंटिमीटरमध्ये माप.
कुणीतरी हाड् केलं असेल.
पालीत की आणखी कशात, बाबांनाही ठाऊक नव्हतं.

आता तिथे मेश्वोचं पाणी.
अस्थींचा करंडक इथे, बडोद्यात, कुलपाआड.
एकदा पाहायला गेले तर किल्लीवाला रजेवर.

फ्लॅटमध्ये कधी ट्रेसिंग पसरते.
चार टोकांना चार वाट्या, नाहीतर गुंडाळी होते.
नातू रांगत येतो, थेट भिंतीवरून.
अरे, दारातून.
कसला ऐकतोय.
मधल्या चौकात त्याचा ओला पंजा उमटतो,
पाच बोटं, शाई जराशी फुटलेली.
मी ओरडत नाही.
वाळायच्या आत पट्टी शोधते.