छप्पन्न अंश

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
मी कास्टिंग ठोकून पास केली.
हातोडीचा एक टोला, कान जवळ,
बद्द वाजलं की बाजूला.
रिटायर झालो, शुगर निघाली.
डॉक्टर म्हणाले, चाला.
भाचेजावयानं थेट गोल्फच्या मैदानावर नेऊन उभं केलं.

पेठेतली फुटबॉलवाली पोरं हसली.
"अण्णा, बॉल थांबलेलाच असतोय की वो,
त्यात काय मारायचं?"
त्यांना काय सांगू,
थांबलेला बॉलच माणसाकडं टक लावून बघतो.

लांबचे फटके जमले, वाकडेतिकडे का होईना.
अडलं ते शेवटच्या तीस पावलांत.
समोर हिरवळ, झेंडा हलतोय
आणि मी खणतोय,
भुईमूग काढल्यासारखा.

पुण्याच्या दुकानात पोरानं वेज मांडले ओळीनं:
अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न, साठ.
मी साठ उचलला.
भांग पाडावा असा चकचकीत.
म्हणाला, यानं बॉल घारीसारखा वर जातो.
गेला.
माझ्या टोपीएवढा वर गेला
आणि माझ्याच बुटावर पडला.
पुढचा पात्याच्या धारेवर बसला,
हिरवळ ओलांडून, कुंपण ओलांडून
पलीकडच्या उसात.
उसात गेलेलं मागायचं नसतं.

दस्तगीर कॅडी. दाढेखाली लवंग.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहून
डावा खांदा चार बोटं खाली आलेला.
साठला हातसुद्धा लावला नाही त्यानं.
"अण्णा, हे लग्नातल्या पाव्हण्यावानी.
दिसाय झ्याक, वाढाय उपेगाचं न्हाई.
आदी छप्पन्न शिका."
आणि स्वतःच्या पिशवीतून एक काढला,
पात्यावर गंज, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
सवय जात नाही:
मी खिशातल्या किल्लीनं ठोकला, कान लावला.
खणखणला.
पास.

"तळ बघा. पोट हाय त्याला.
पावसाळ्यात भुई मऊ, बिनपोटाचा रुततोय.
उन्हाळ्यात भुई तव्यावानी,
लई पोटाचा उसळतोय, बॉलच्या कानशिलात बसतोय.
मधलं पोट बरं." माझ्याकडं बघून म्हणाला,
"तुमच्याएवढं नगं."

मला पॅटर्नशॉप आठवलं.
साच्यातून लाकूड अलगद सुटावं म्हणून
कडांना दीड अंश उतार.
दीड.
तेवढ्यावर साचा टिकायचा, नाहीतर ढासळायचा.
आणि मी साठ घेऊन हिंडत होतो!

मग रोज संध्याकाळी गच्चीवर,
जुन्या पायपुसण्यावरून,
दहा पावलांवर घमेलं.
चटणीच्या मिरच्या वाळत टाकलेल्या,
त्यात बॉल गेला की शेवंता खालूनच ओरडायची.
एकदा वर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"उचलताय कशाला त्याला?
उलथनं भाकरीखाली सरकवायचं,
भाकरी आपसूक येते.
उचलाय गेलं की मोडते."
आणि मिरच्या गोळा करून गेली.

उचलायचं नाही.
हात पुढं, वजन डाव्या पायावर,
पातं खाली सरकू द्यायचं.
त्या दिवशी घमेलं तीनदा वाजलं.
दुसऱ्या दिवशी एकदाही नाही.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकडेंची कुंडी.

शनिवारी सकाळी सातव्या होलला
दव होतं, टेकडीवर कुणीतरी घंटा वाजवली,
बॉल हिरवळीच्या बाहेर, बावीस पावलं.
दस्तगीर काही बोलला नाही.
मी उलथनं धरलं.
आवाज आला,
बद्द नाही, खणखणीत नाही,
गवतातून कुणी चिमटीनं काही उचलावं तसा.
बॉल वर गेला, फार नाही,
हिरवळीवर टेकला, दोनदा विचार केला
आणि झेंड्यापासून अडीच फुटांवर थांबला.

मी वेजकडं बघितलं. वेजवर एक गवताची काडी.

मग अडीच फुटांवरून
तो चुकवला.
परतीचाही.

दस्तगीरनं लवंग या दाढेखालून त्या दाढेखाली नेली.
"पटर घ्याय पुण्याला जाऊ नका," म्हणाला,
"माझ्याकडं हाय एक.
आदी ठोकून बघा."