सेटल

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या कंपाउंडला टेकून
माझं टेबल, एक प्रिंटर, एक फाटकी छत्री
आणि पाठीला चिकटपट्टी लावलेली डिक्शनरी.
मराठीतून इंग्रजीत, पानाला साठ रुपये.
बावीस वर्षांत सगळ्यात जास्त काय टाइप केलं
विचाराल, तर न्याय नाही.
सेटल.

मे महिन्यात तांडापेठेचे दोघे आले,
गुणवंत निमजे आणि धाकटा रोशन.
आले एकाच स्कूटरवर,
उतरून मात्र लांब लांब उभे राहिले.
भांडण एका खड्ड्याचं.
समोरच्या खोलीत बापाच्या हातमागाचा खड्डा,
पाय सोडून बसायचा, गुडघ्याच्या वर खोल.
रोशनला तिथं मोबाइल रिपेअरिंग टाकायचं होतं.
सहा वर्षं तारखा,
आता बुजवायचं ठरलं.

मी टाइप केलं: मॅटर सेटल्ड.
"हे काय लिहिलं जी? मराठीत सांगा बरं."
"मिटलं," मी म्हणालो.
"मिटले तं बापाचे डोळे. हे कुठं मिटलं?"
"मग निवळलं."
"निवळते पाणी. तेबी कोणी ढवळलं नाही तं."
"फिटलं?"
"कर्ज फिटते. धोतर फिटते."
रोशन हसला, मग ते हसू गिळून टाकलं.
तडजोड, समेट, निकाल, स्थिरस्थावर,
चपलांच्या दुकानातला नोकर जोड काढतो तसे
एकेक शब्द मी समोर ठेवत गेलो
आणि प्रत्येक त्यांना कुठंतरी चावत होता.

इंग्रजीची सोय ही आहे:
सेटल म्हटलं की कोण वाकलं ते सांगावं लागत नाही.
शेजाऱ्यांचा नितेश टोरांटोत सेटल.
सावजीच्या हॉटेलातलं बिल सेटल,
दुसऱ्या दिवशी पोट सेटल नाही म्हणून ताक.
माझी पोरगी पुण्याहून फोनवर म्हणते,
"बाबा, मी सेटल आहे आता,"
आणि मी पुढचं विचारत नाही.
दार लावून घेतो हा शब्द,
कडीचा आवाज न करता.

"मग काय लिहू?"
गुणवंत बराच वेळ बोलले नाहीत.
ऊन पंचेचाळीसवर. चहाच्या कटावर साय धरली.
"राहू द्या जी इंग्रजीतच.
मले समजत नाही तेच बरं आहे."
आणि सही केली,
एकेक अक्षर फणीतून ओवल्यासारखं.

दिवाळीनंतर परत आले, एकटेच.
या वेळी काम उलटं, इंग्रजीतून मराठीत.
इंजिनियरचा कागद, बँकेच्या लोनसाठी काढलेला.
दुकानाची फरशी खचली होती,
खड्डा होता नेमकी तेवढीच, चौकोनी, बोटभर.
"रोशन गिऱ्हाइकाले सांगते,
भाऊ, इथं जरा जपून पाय ठेवा."

कागदावर होतं: सेटलमेंट ऑफ फिलिंग.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.
डिक्शनरी उघडली नाही.
"भराव बसला," मी म्हणालो.
"बसला?"
"माती बसते ना. हळूहळू.
आपल्याच वजनानं."

ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर टेकले.
स्टूल उंच आहे माझं,
त्यांचे पाय अधांतरी,
एक खाली, एक वर,
मग वरचा खाली,
पावड्या शोधत असल्यासारखे.

"हे बराबर आहे," म्हणाले.
"हे तवाच काहून नाही लिहिलं?"

प्रिंटर गरम व्हायला वेळ घेतो.
साठ रुपये त्यांनी मोजून ठेवले,
मी घेतले.