रात्री एकदा बघून येते

खोली दुपारी दाखवतात.
दुपारी सगळ्याच गल्ल्या सज्जन असतात.
दोरीवर गाऊन वाळत असतात, डब्यात कोरफड,
वॉचमन सावलीत, त्याच्या खुर्चीखाली मांजर.
गव्हाणे एजंट म्हणाले, फॅमिली एरिया आहे मॅडम,
डोळे झाकून घ्या.
मी म्हटलं, डोळे उघडे ठेवून
रात्री एकदा बघून येते.
ते हसले. एका महिन्याच्या दलालीत
रात्र धरलेली नव्हती.

पगार एकोणीस हजार.
भाडं सहाच्या वर गेलं
की घरी पाठवायच्या पैशांना कात्री.
अण्णा हिंगोलीहून एकच विचारतात,
एरिया कसा आहे?
भाड्याचा आकडा सांगता येतो.
एरियाचा काय सांगू?

लॅबमध्ये विचारून बघितलं.
शलाकाताई म्हणाली, नदीच्या पलीकडे नको.
ती कुठल्या काठावरून बोलत होती, विचारायचं राहिलं.
दुसरं कुणी म्हणालं, कॅनॉलपर्यंत ठीक, पुढं आपलं नाही.
सॅम्पल आणणारा इरफान बाटल्या मोजता मोजता म्हणाला,
तुम्ही सगळे जिथं नको म्हणता ना, तिथं माझा जन्म झालाय.
अम्मीची पर्स आयुष्यात एकदाच मारली,
ती पण लक्ष्मी रोडवर.
कुणी हसलं नाही. सेंट्रिफ्यूज फिरत राहिलं.
प्रत्येकाच्या पुण्याला वेगळी वेस,
आणि वेशीबाहेर कायम
दुसरंच कुणीतरी राहतं.

धनकवडीत मालकीणबाईंनी
आडनाव दोनदा विचारलं.
मग पंखा दाखवला, नळ दाखवला, म्हणाल्या, कळवते.
अजून कळवतायत.

कर्वेनगरात एका हॉलमध्ये पाच कॉट,
गेटला साडेनऊला कुलूप.
माझी ड्यूटी दहाला सुटते, म्हटलं.
उशीर झाला तर?
तर उशीर करायचा नाही.
फार सुरक्षित जागा होती ती.
माझ्यापासूनसुद्धा.

वारज्याला बसमधून उतरले तेव्हा दहा पस्तीस.
स्टॉपपासून बिल्डिंगपर्यंत अकरा खांब.
मी मोजत चालले, रक्ताच्या पेशी मोजते तशी,
ओठ न हलवता.
मेडिकल उघडं. पुढं अंडाभुर्जीची गाडी, गिऱ्हाईक चार.
सातव्या खांबानंतर मोकळा प्लॉट, कमरेएवढं गवत,
एक टेम्पो, चाकात हवा नसलेला.
माझी पावलं आपोआप मोठी झाली.
नवव्याशी इस्त्रीची टपरी.
आतून बाई म्हणाली, कुणाकडं?
कुणाकडं नाही.
मग काय बघती?
दिवे.

तिनं इस्त्री उभी केली. बाहेर आली.
आठवा दिवाळीपासनं बंदंय, म्हणाली,
टेम्पोच्या या अंगानं यायचं, त्या अंगानं नाही.
अकराला कंपनीतली पोरं येतात, त्यातला एक पितो,
पण तो नुसता गातो.
दोन नंबरच्या जिन्यात कोण बसतं ते मेडिकलवाल्याला माहिती,
त्याला विचार, मला नको विचारू.
मी असते साडेअकरापर्यंत.
सोमवारी नसते.

सगळ्या पुण्यात
एवढं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं.
अकरा महिन्यांच्या करारात
यातली एक ओळ नव्हती.

सहा हजार आठशे. आठशे वरचे
मी संध्याकाळच्या चहातून काढते, आणि रविवारच्या रिक्षेतून.
पोलीस व्हेरिफिकेशन माझं झालं,
गल्लीचं मी केलं.
आठव्या खांबासाठी दोन अर्ज दिलेत,
पोच आहे, उजेड नाही.
टपरीवाल्या बाईचं नाव हिराबाई लोखंडे.
ती कोळसा विझवत नाही मी दिसेपर्यंत,
असं मला वाटतं. विचारलेलं नाही.

काल अण्णांचा फोन.
एरिया कसा आहे?
चांगला आहे, म्हटलं.
सोमवार सोडून.
पलीकडे जरा वेळ फक्त आमच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
सोमवारी फोन चालू ठेवत जा,
मी जागा असतो.