होडी डोंगरावर

सोहारहून बुरैमीला निघालं की
रस्ता आधी खोटं बोलतो.
सपाट असल्यासारखा पसरतो,
चढ डोळ्यांना दिसत नाही,
कळतो तो फक्त उजव्या पायाला.

मागे ट्रेलरवर तेवीस फुटी होडी,
फायबरची, निळ्या पट्ट्याची,
दोन्ही मशिनं वर उचलून बांधलेली.
बाजूला खमीस, होडीचा मालक.
त्याच्या नव्या घरापासून समुद्र शंभर किलोमीटर.
मी काही विचारलं नाही.
हर्णैचा माणूस वाळवंटात काय करतो
हेही एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही.

इंजिन तापलं तर बोंब मारतं,
वाफ सोडतं, चारचौघांत तमाशा करतं.
गिअरबॉक्स तसा नाही.
तो ताप अंगावर काढतो.
माझा बाप काढायचा, तसा.
कण्हत नाही, जेवायला बसतो,
पहाटे जाळी घेऊन निघतो,
आणि मग एक दिवस.

मागच्या साली सनैयात झरीन खानाने
दांडी उपसून तेल बोटावर घेतलं,
अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं.
डाळिंबाच्या रसाचं असायला हवं होतं ते,
निघालं चहाच्या चोथ्याच्या रंगाचं,
दूध उतू जाऊन शेगडीवर जळावं तशा वासाचं.
म्हणाला, तेल मेलंय.
गाडी चालतेय,
कारण तिला अजून कुणी सांगितलं नाही.
मग रेडिएटरच्या पुढे त्याने
परातीएवढा वेगळा कूलर बसवला,
आणि स्टिअरिंगशेजारी एक काटा.
पंच्याऐंशी रियाल, मजुरीसकट.
तेव्हापासून मी रस्ता कमी बघतो, काटा जास्त.

वादी जिझ्झीत डोंगर जवळ आले.
गाडी पाचव्यात जाते, चौथ्यात येते,
परत पाचव्यात, परत चौथ्यात.
तिची ही चलबिचल सगळी तेलात उतरते.
ओढायचं बटण दाबलं,
गिअर तिसऱ्यात बांधून टाकला.
डिझेल गुरगुरायला लागलं.
खमीस म्हणाला, केवढा आवाज!
म्हटलं, ओरडू दे. ओरडतं ते वाचतं.

एकशे चार.
एकशे नऊ.
एसी बंद केला. खमीसने असं पाहिलं
की जणू पुढ्यातलं ताट ओढलं.
काच खाली, आणि आत भट्टी.
एकशे अठरा.

एका समरच्या झाडाखाली, खडीवर, घेतली बाजूला.
खमीसचा हात चावीकडे गेला.
मी त्याचं मनगट धरलं.
उभ्या जन्मात मालकाचं मनगट धरलं नव्हतं.
बंद नको, म्हटलं.
बंद केली की पंप थांबतो,
तेल जिथल्या तिथं उकळत बसतं.
उभं राहायचं,
पण आतलं फिरतं ठेवून.
पार्कमध्ये टाकून बाराशेवर रेस धरली.

अकरा मिनिटं.
बलुची मिसळलेल्या हिंदीत खमीस बोलत राहिला.
बाप रमझानमध्ये गेला.
भावांनी खजुराची बाग घेतली,
विहीर घेतली, रस्त्याकडची दोन दुकानं घेतली.
ही माझ्याकडे आली.
विकवत नाही, यासीन.
अंगणात ठेवीन. पोरं चढतील, खेळतील.
पाण्याची बाटली त्याने आधी माझ्याकडे केली.

मलाही काही सांगायचं होतं,
हर्णैचं, एका पहाटेचं,
बापाच्या कपाळाला लागलेल्या हाताचं.
मी काट्याकडे बघत राहिलो.

एकशे तीन. सत्त्याण्णव.
डोंगरावरून गरम वारा उतरला,
होडीच्या ताडपत्रीत शिरला,
आणि उजव्या मशीनचा पंखा
सावकाश एक फेरा फिरला,
पाण्याची चौकशी केल्यासारखा,
मग थांबला.

ब्याण्णव.
तिसरा, मी म्हणालो, कुणालाच नाही,
आणि ब्रेक सोडला.